अकस्मात मृत्यूची नोंद
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मृत्यूविषयी बोलणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल, याची आम्हांला जाणीव आहे. आम्ही विषय कळविला तेव्हा कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी, "साहेब, त्यापेक्षा आयकरावर बोला, तोही विषय तितकाच भयंकर आहे," असे सुचवून पाहिले. परंतु पन्नास वर्षांच्या वाटचालीत या मंडळाने जशी बारशी, मुंजी आणि लग्ने पाहिली, तसे काही अवचित घाले आपल्या कुटुंबांवर पडलेलेही पाहिले आहेत. गावी माणूस गेला म्हणजे भावकी धावून येते. येथे परमुलखात आपली भावकी म्हणजे हे मंडळच. आणि अशा वेळी पहिल्या दोन-चार तासांत जे निर्णय घ्यावे लागतात, ते पुढे वर्षानुवर्षे एका कुटुंबाला पुरतात. म्हणूनच हा विषय आम्ही निवडला.

आम्ही डॉक्टर नाही. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि तीस वर्षांहून अधिक काळ केंद्र सरकारच्या फायली हाताळीत आलो. आज जे सांगणार आहोत ते एका अनुभवाने आम्हांला शिकविले, आणि न्यायवैद्यक शास्त्राच्या एका प्राध्यापिकाबाईंनी ते वारंवार समजावून दिले. हे टिपणही त्यांनी तपासून दिले आहे.

आरंभ आपल्या वर्तमानपत्रांतील निधनवार्तांपासून करू. "हृदयक्रिया बंद पडून निधन झाले," हे वाक्य आपण आजवर किती वेळा वाचले असेल! आम्हांलाही ते मृत्यूचे कारणच वाटत असे. बाईंनी एके दिवशी विचारले, "हृदयक्रिया बंद न पडता मेलेला मनुष्य आपण पाहिला आहे काय?" आम्ही निरुत्तर झालो. हृदय थांबणे हा मृत्यू होय. ते का थांबले, हा प्रश्न निराळा. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी झाली असेल, मेंदूतील रक्तवाहिनी फुटली असेल, पोटात विष गेले असेल, घास श्वासमार्गात अडकला असेल. शेवटी हृदय थांबणारच. या 'का'चा शोध घेणे हे न्यायवैद्यक तज्ज्ञांचे काम. त्यांना दोन उत्तरे द्यावयाची असतात. एक, कारण कोणते. आणि दुसरे, त्या कारणाचा प्रकार कोणता, म्हणजे मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्मघाताचा की परक्याच्या हातून झालेला. कधी कधी प्रामाणिकपणे 'सांगता येत नाही' असेही लिहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे लक्षणे सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत आलेला नैसर्गिक मृत्यू 'आकस्मिक' गणला जातो. पण तो नैसर्गिक होता की नाही हेच मुळात आधी ठरावयाचे असते.

आता तो अनुभव. सन २०१६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सातारा जिल्ह्यातील एक तरुण येथे बँकेत नोकरीस होता. वय एकतीस, अविवाहित, निर्व्यसनी. आपल्या गणेशोत्सवात मांडवापासून महाप्रसादापर्यंत राबणारा. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. या सभागृहातील अनेकांच्या डोळ्यांसमोर तो आताच उभा राहिला असेल. एका रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळता खेळता तो कोसळला. इस्पितळात नेईपर्यंत सर्व आटोपले होते. 'मृतावस्थेत आणला' अशी नोंद होऊन इस्पितळाने रीतीप्रमाणे पोलिसांना कळविले, आणि शवविच्छेदन करावे लागेल असे आम्हांला सांगण्यात आले.

त्या वेळी मंडळाचे कार्यवाहपद आमच्याकडे होते. त्याचे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावाहून निघाले होते. त्यांनी फोनवर एकच विनंती केली होती : "साहेब, माझ्या पोराची चिरफाड होऊ देऊ नका." आम्ही त्यांना शब्द देऊन बसलो. मग सरकारी अधिकाऱ्याला जे येते ते सर्व केले. ओळखी काढल्या, वरिष्ठांना फोन लावले, आणि अखेर शवागाराच्या दारात त्या प्राध्यापिकाबाईंना गाठून, "हृदयविकाराचा झटका असे लिहून द्या, म्हणजे प्रश्न मिटला," असे सुचविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आपण कार्यालयात न वाचलेल्या फाइलीवर सही करता काय?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे आमच्या खात्यातील कोणालाही जड जाईल. पण त्या क्षणी आमची मान खाली गेली. गुरुजींना दिलेला शब्द आम्ही पाळू शकलो नाही. पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी ही तपासणी कशी चालते ते पाहू.

तिचा आरंभ शवागारात होत नाही. मनुष्य जेथे कोसळला तेथे होतो. पोलीस तेथील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलावतात, मृतदेहाची स्थिती लिहून काढतात आणि कारणाविषयी शंका असल्यास देह तपासणीस पाठवितात. २०१६ साली हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ त्या जागी आले आहे. जुन्या मुंबईकरांना कॉरोनरचे कोर्ट आठवत असेल. १८७१ च्या कायद्याने चालत आलेले ते पद १९९९ साली रद्द झाले. अशा प्रकरणी नातलगांची संमती कायद्याने लागत नाही. केवळ रोगाच्या अभ्यासासाठी इस्पितळ जे विच्छेदन करते, त्याला मात्र संमती लागते. हा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो आणि शवागाराच्या दारात त्यावरून विनाकारण वाद होतात.

कोसळण्याच्या जागेला एवढे महत्त्व का, याची दोन उदाहरणे बाईंनी दिली. उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून स्नानास गेलेली व्यक्ती आतच कोसळते. अंगावर जखम नाही, झटापट नाही. अपूर्ण ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतो. अशा देहावरील मरणोत्तर डागांना निळसर जांभळ्याऐवजी लालभडक छटा येते आणि रक्ताच्या परीक्षेने निदान पक्के होते. शेगडी किंवा गीझर कोणी तत्परतेने आवरून ठेवला, तर अर्धा पुरावा गेला. आणि घरातील दुसरे माणूस त्याच न्हाणीघरात जाण्याची भीती राहिली.

मग देहाची बाह्य तपासणी. कपडे, ताठरता, त्वचेवरील डाग, तोंडाभोवतीचा फेस, सुईची खूण, विजेच्या धक्क्याने बोटावर उमटणारा लहानसा खळगा, हे सर्व नोंदले जाते. मृत्यूनंतर रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूस उतरते व तेथे डाग उमटतात. ते देहाच्या स्थितीशी जुळत नसतील तर देह मागाहून हलविला गेला असा संशय येतो. ताठरता उन्हाळ्यात लवकर येते व लवकर जाते, हिवाळ्यात रेंगाळते. म्हणून मृत्यूची वेळ सांगताना कादंबरीतील डॉक्टरांप्रमाणे मिनिटांची भाषा कोणी जाणता तज्ज्ञ करीत नाही.

त्यानंतर डोके, छाती आणि पोट या तीन पोकळ्या उघडून प्रत्येक अवयव पाहिला जातो, वजन केले जाते. कारण पहिल्याच अवयवात सापडले तरी तेथे थांबत नाहीत. हृदयविकार असलेल्या मनुष्यालाही विष दिले जाऊ शकते, आणि दारूचा वास येणाऱ्याच्या कवटीतही रक्तस्राव असू शकतो. प्रौढ पुरुषाचे हृदय साधारण ३०० ग्रॅम भरते. त्याच्या धमन्या तीन ते पाच मिलिमीटरच्या अंतराने आडव्या छेदून, कोठे अरुंद झाल्या आहेत, कोठे गुठळी आहे, हे पाहतात. येथे एक गोष्ट आम्हांला नवी होती. झटका येऊन मनुष्य तासाभरात गेला, तर हृदयाच्या स्नायूत नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. तो बदल दिसण्यास कित्येक तास जावे लागतात. म्हणून तज्ज्ञ स्नायूपेक्षा धमनीला अधिक प्रश्न विचारतो.

प्रौढांतील आकस्मिक नैसर्गिक मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार अग्रभागी असतात, पण तेवढेच नव्हे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जे कडे असते, त्यावरील जन्मापासूनचा दुबळा भाग फुग्यासारखा फुगून फुटतो आणि धडधाकट माणूस डोके धरून खाली बसतो. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिलेल्या रुग्णाच्या पायातील खोल शिरेत गुठळी होते, आणि तो बरा होऊन उठला असे वाटत असतानाच ती फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. या गुठळीच्या प्रवासाचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील रूडोल्फ फिर्खो यांनी केला. पंगतीत बसलेला गृहस्थ एकाएकी निळा पडून कोसळतो, सारे हृदयविकार म्हणतात, आणि कंठात न चावलेला घास सापडतो. रोगाचे मूळ अवयवात शोधण्याची ही दृष्टी इटलीतील मोर्गाग्नी यांनी १७६१ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी आपला ग्रंथ प्रसिद्ध करून जगाला दिली. आपल्या देशात १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा समाजात केवढी खळबळ झाली असेल याची कल्पनाच करावी. गुप्त हे वैद्यांच्या कुळातले संस्कृत पंडित. धर्म आणि विज्ञान यांचा झगडा त्यांनी सुरीच्या एका रेषेने मिटविला, असे म्हणावेसे वाटते.

डोळ्यांना जे दिसत नाही ते सूक्ष्मदर्शकाकडे जाते. अवयवांचे लहान तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. विषपरीक्षेसाठी जठर व त्यातील अन्न, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंडे आणि रक्त निराळ्या बाटल्यांत सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे धाडतात. वर्तमानपत्रांत 'व्हिसेरा राखून ठेवला' असे छापून येते ते हेच. रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा आपल्याकडे १८४९ साली मद्रासला निघाली, म्हणजे ही परंपरा काही कालची नव्हे. अहवालावर 'मत राखून ठेवले' असा शेरा पाहिला की नातलगांना वाटते, काहीतरी दडविले जात आहे. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की इतर अहवाल येईपर्यंत घाईने लिहावयाचे नाही. आम्ही फायलींत वाढलेली माणसे; 'कागद अपेक्षित' या शेऱ्याचे मर्म आम्हांला तरी कळावयास हवे होते.

आता पुन्हा त्या तरुणाकडे वळू. गुरुजी दुसऱ्या दिवशी पोहोचले. आम्ही त्यांच्यासमोर उभे राहून शब्द मोडल्याचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. देह पाहिल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावरील ताण थोडा उतरला. चेहऱ्याला कोठेही धक्का नव्हता. डोक्यावरील छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे केसांतून घेतलेला, अंगावरील छेद नीट शिवून वस्त्राने झाकलेला. 'चिरफाड' हा आपला शब्दच फार क्रूर आहे. त्या खोलीत जे घडते ते शस्त्रक्रियेच्या शिस्तीने घडणे अपेक्षित असते. अंत्यसंस्कारांना त्याने कोणतीही बाधा येत नाही.

हृदयाचे वजन ५०० ग्रॅमहून अधिक भरले होते. दोन कप्प्यांमधील भिंत, जी सेंटीमीटरभर जाड असावी, ती दुपटीहून जाड होती. धमन्या मात्र स्वच्छ होत्या. याचा अर्थ, आम्ही लिहून मागितलेला 'हृदयविकाराचा झटका' मुळात खोटा ठरला असता. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू ओळीने असण्याऐवजी अस्ताव्यस्त दिसले. हा हृदयस्नायूच्या अतिवाढीचा जन्मजात विकार. तो साधारण पाचशे माणसांत एकाला असतो, बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो, आणि क्वचित धावता-खेळताना हृदयाची लय बिघडून मनुष्य जागीच जातो.

दरम्यान दुसरेच एक विष पसरत होते. तो तरुण ज्या परप्रांतीय सहकाऱ्याबरोबर एका खोलीत राहत असे, त्याने त्या सकाळी चहा केला होता. गावात कुजबुज सुरू झाली, आणि खोटे कशाला बोला, आपल्या मंडळातही झाली. काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला : कोणतेही विष आढळले नाही. तो सहकारी आमच्या घरी येऊन अहवालाची प्रत हातात धरून लहान मुलासारखा रडला. प्रेत न तपासता जाळले असते, तर त्या निरपराध मुलाच्या कपाळी तो डाग जन्मभर राहिला असता.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. अंतिम मत देताना बाईंनी आम्हांला बोलावून सांगितले, की हा विकार बहुधा वारशाने येतो. आई किंवा बापाकडून तो उतरला असेल, तर प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी. त्याला धाकटा भाऊ होता. तो त्या दिवसांत पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सोळाशे मीटर धावण्याचा सराव करीत होता! आम्ही त्याच रात्री फोन केला. गुरुजींनी त्याला पुण्यास नेऊन हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी करविली. त्याचीही भिंत जाडच निघाली. धावणे बंद झाले, औषधे सुरू झाली. भरतीचे स्वप्न गेले म्हणून तो काही दिवस आमच्यावर रुसलाही होता. आज तो गावी शेतीच्या अवजारांचे दुकान चालवितो. त्याला एक मुलगी आहे आणि तिचीही वेळोवेळी तपासणी होते. गुरुजींनी पुढे एका पत्रात लिहिले, की तुम्ही माझा शब्द मोडलात म्हणून माझा एक मुलगा राहिला. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे. खरे तर शब्द आम्ही मोडला नव्हता. तो मोडण्यास भाग पाडणारी व्यक्ती दुसरीच होती, आणि तिचे आभार मानण्याचे आम्हांला पुष्कळ उशिरा सुचले.

शास्त्र थांबलेले नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२१ साली सी. टी. स्कॅनच्या साहाय्याने छेदाविना तपासणी सुरू झाली. छेद सर्वस्वी टळतो असे नाही, पण पुष्कळ प्रकरणी त्याची गरज कमी होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने, पुरेशी सोय असलेल्या इस्पितळांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास मुभा दिली. घातपात, आत्महत्या वगैरे संशयाची प्रकरणे सर्वसाधारणतः वगळून. दूरगावी देह न्यावयाचा असतो त्या आपल्यासारख्यांना ही मोठीच सोय. आणि विच्छेदनातही काही सापडले नाही, तर राखून ठेवलेल्या रक्तावरून वारशाचा दोष शोधता येण्याची वाट आता खुली होत आहे.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही आपली रजा घेऊ. घरात किंवा बाहेर कोणी अवचित कोसळले तर आधी मदत आणि इस्पितळ. जीव वाचविण्याचा प्रयत्न सर्वांत आधी. दुर्दैवाने तो फसला, तर ती जागा आवरू नये, धुऊ नये. औषधांच्या पट्ट्या व बाटल्या, उरलेले अन्न जसेच्या तसे ठेवावे. दुसरे, डॉक्टरांना सर्व सांगावे : पूर्वी कधी चक्कर आली होती काय, कोणती औषधे चालू होती, घराण्यात कोणी तरुणपणी एकाएकी गेले होते काय. 'लोक काय म्हणतील' म्हणून लपविलेली एक गोष्ट तपासाची दिशा चुकविते. तिसरे, विच्छेदन टाळण्यासाठी ओळखी काढू नयेत. हे आम्ही स्वतः तो अपराध करून सांगत आहोत. चौथे, अहवाल आला की तो कपाटात ठेवू नये. आपल्या डॉक्टरांना दाखवून, घरातील इतरांना तपासणीची गरज आहे काय, हे अवश्य विचारावे.

कार्यकारिणीला एक सूचना आहे. सभासदांच्या यादीत आपण जन्मगाव आणि दूरध्वनी लिहितो. त्याबरोबर गावाकडील जवळच्या एका नातलगाचे नाव व क्रमांकही लिहून घ्यावा. आणि अशा प्रसंगी इस्पितळ, पोलीस आणि देह गावी नेण्याची कागदपत्रे यांसाठी धावपळ करणारे तीन-चार कार्यकर्ते आधीच ठरवून ठेवावेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढे झाले तरी त्या तरुणाच्या स्मृतीला ती खरी श्रद्धांजली होईल.

 प्राध्यापिकाबाई आज श्रोत्यांत बसल्या आहेत. त्यांना मराठी येत नाही, परंतु आपण टाळ्या कोणासाठी वाजवीत आहात हे त्यांना निश्चित कळेल.